किपेआचा निरोप

२००४ च्या उन्हाळ्यात आम्ही दोघं लंडनच्या हॅरो भागात राहायला आलो. माझं काम स्लाऊला होतं. एका मोठ्या गोडाऊनमधल्या मालाच्या नोंदींचं सॉफ्टवेअर आमची टीम लिहीत होती. स्लाऊलाच घर घेणं सोयीचं होतं, पण हॅरोला ज्वारीचं पीठ मिळतं, आपली माणसं भेटतात, बायकोला एकटं वाटणार नाही, असं ऑफिसात सगळ्यांनी सांगितलं. म्हणून मी रोज सेकंडहँड गाडीने पाऊण तास जायचो आणि पाऊण तास यायचो.

हिने पुण्यात संस्कृतमध्ये एम.ए. केलं होतं आणि तीन वर्षं कॉलेजात व्याकरण शिकवलं होतं. हॅरोत तिच्या व्याकरणाला गिऱ्हाईक नव्हतं. शाळांना, लायब्रऱ्यांना अर्ज पाठवून झाले. उत्तरं आली नाहीत, आली ती नकाराची. संध्याकाळी मी गाडी लावायच्या आत ती दारात असायची. दिवसभर कोणाशी बोललेली नसायची, त्यामुळे पोस्टमनपासून खिडकीतून दिसलेल्या कोल्ह्यापर्यंत सगळं मला सांगायची. हे लिहायला लाज वाटते, पण तिचं ते एकटेपण मला आवडायचं. तिच्या दिवसात मी एकटाच होतो.

पुढच्या मार्चमध्ये जवळच्या पिनरच्या लायब्ररीतल्या बोर्डावर तिला एक चिठ्ठी दिसली. नीट अक्षर आणि व्याकरणाची आवड असलेली व्यक्ती हवी, आठवड्यातून तीन दिवस. तिने तिथूनच फोन केला आणि संध्याकाळी मी आलो तेव्हा दारात कोणी नव्हतं. ती सातला आली. कोट न काढताच सोफ्यावर बसली.

"ब्राझीलच्या आहेत त्या," ती म्हणाली. "सत्तरीच्या असतील. इथल्या माणसाशी लग्न करून आल्या, मिस्टर आता नाहीत. शाळेत फ्रेंच शिकवायच्या. त्यांच्या आईकडचे लोक करिरी."

"म्हणजे?"

"तिकडच्या ईशान्येचे मूळचे लोक. त्यांच्या चार भाषा होत्या. किपेआ, झुबुकुआ, कामुरू आणि सापुया. भाषा म्हण, बोली म्हण, अजून वाद चालू आहे. चारही गेल्या. आता बोलणारं कोणी नाही, सगळे पोर्तुगीज बोलतात."

"मग तू काय करणार?"

"कार्ड लिहिणार," ती म्हणाली आणि हसली. पुण्यातून निघाल्यापासून ती अशी हसली नव्हती. मला आनंद व्हायला हवा होता.

काम असं होतं. तीनशे वर्षांपूर्वी तिकडे गेलेल्या एका पाद्र्याने किपेआत धर्माची प्रश्नोत्तरं लिहिली होती, एका बाजूला पोर्तुगीज आणि एका बाजूला किपेआ. त्या भाषेचं व्याकरणही त्यानेच लिहून ठेवलं होतं. बाईंकडे दोन्हींच्या झेरॉक्स होत्या. झुबुकुआचंही असंच एक पुस्तक होतं. कामुरू आणि सापुयाच्या तर नुसत्या शब्दांच्या याद्या उरल्या होत्या. एकेक शब्द उचलायचा, तो कुठेकुठे आलाय ते शोधायचं आणि कार्डावर लिहून बुटांच्या खोक्यात लावायचं. पाद्र्याला पाप, नरक, पश्चात्ताप यांतच रस. त्यामुळे पापाला भरपूर शब्द सापडायचे आणि घरातल्या साध्या वस्तूंचे सापडता सापडायचे नाहीत.

जेवताना मी आता हे सगळं ऐकू लागलो. पाद्झू म्हणजे बाप, द्झू म्हणजे पाणी, एरा म्हणजे घर. मोजताना वस्तूच्या आकाराप्रमाणे वेगळा उपसर्ग. पक्षी, दगड, तारे, फळं आणि डोळे या सगळ्यांना एकच, क्रो. एका शनिवारी दुकानात ती बटाटे पिशवीत भरता भरता थांबली.

"बटाटा क्रो होईल का रे?"

"गोल आहे ना. होईल."

"पण तो जमिनीखाली येतो. आम्ही परवा यावर तासभर भांडलो. बाई म्हणतात होईल, मी म्हणते पुरावा कुठाय."

मला बटाट्याचं काही नव्हतं. मला लागलं ते 'आम्ही'. आत्तापर्यंत तिच्या तोंडी आम्ही म्हणजे ती आणि मी. आम्ही हॅरोला राहतो, आम्ही दिवाळीला घरी जाणार नाही. आता आम्हाला आज एक क्रियापद सापडलं, आम्ही डबा वाटून खाल्ला. मी समोर बसलेला असायचो आणि ते 'आम्ही' मला ओलांडून पिनरला जायचं.

गंमत म्हणजे हेच तिने मला एकदा फार उत्साहाने समजावून सांगितलं. किपेआत आपण आणि आम्ही वेगळे आहेत. ऐकणाऱ्याला धरून बोलायचं तर 'कु' लावायचा, त्याला वगळायचं तर वेगळी रचना. इंग्रजीत हे नाही, पोर्तुगीजमध्ये नाही.

"बाईंना ते पुस्तकातून माहीत होतं. मी म्हटलं, मी तर रोज असंच बोलते, तर त्या खुर्चीतून उठून आल्या आणि माझा हात धरून उभ्या राहिल्या. किती वेळ सोडेनात."

"मलाही येतं की ते," मी म्हणालो. "मीही रोज असंच बोलतो."

तिला वाटलं मी चेष्टा करतोय.

मग मी त्यात शिरायचा प्रयत्न केला. जूनमध्ये तिला आणायच्या निमित्ताने पिनरला गेलो. बाई उंच होत्या, पाठ ताठ, केस मागे बांधलेले. जेवणाच्या टेबलावर कार्डं पसरलेली होती, ओळीने, पत्त्यांच्या डावासारखी. मी म्हणालो की हे सगळं कॉम्प्युटरवर घालता येईल, मी एका वीकेंडमध्ये डेटाबेस करून देतो, मग कुठलाही शब्द एका सेकंदात सापडेल.

बाईंनी नीट ऐकून घेतलं. "फार चांगलं आहे तुझं म्हणणं," त्या म्हणाल्या. "पण मला तो एका सेकंदात सापडायला नकोय. शोधताना बाजूची चार कार्डं हातात येतात."

मी बायकोकडे पाहिलं. ती मान डोलावत होती, बाईंच्या बाजूने. ज्या कामाचा लोक मला स्लाऊला पगार देत होते ते मी फुकट देत होतो आणि ते नको होतं.

माझं पोटात दुखणं त्या दिवसापासून नीट सुरू झालं. मी दुसऱ्या पुरुषावर जळलो असतो तर निदान कोणाला सांगता आलं असतं. ऑफिसात काय सांगणार? बायको एका म्हाताऱ्या बाईबरोबर मेलेली भाषा लावत बसते आणि मला सहन होत नाही?

सप्टेंबरमध्ये एक बातमी आली. ब्राझीलमधल्या नदीकाठच्या एका करिरी वस्तीतला शाळामास्तर युरोपात कुठल्याशा सभेला येणार होता आणि परत जाताना एक दिवस लंडनमध्ये थांबणार होता. त्याच्या वस्तीत मुलांना जुने शब्द शिकवायची खटपट चालली होती. बाईंचा त्याच्याशी पत्रव्यवहार होता. तो रविवारी दुपारी पिनरला येणार असं ठरलं. हिने आठ दिवस आधीपासून प्रश्नांची वही केली. माशांची नावं, झाडांची नावं, म्हाताऱ्या माणसांच्या पोर्तुगीजमध्ये अजून काही जुनं शिल्लक आहे का. प्रश्न पोर्तुगीजमध्ये पाठ करून ती आरशासमोर म्हणायची. शंकरपाळे तळून डबा भरून ठेवला.

गुरुवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास फोन वाजला. ही कोथिंबीर आणायला खाली गेली होती. पिनरच्या बाई बोलत होत्या. मास्तरचं विमान बदललं होतं. तो रविवारी नाही, शनिवारी येणार, अकराला, आणि तीनला विमानतळाकडे निघणार. "तिला नक्की सांग हं. तिच्यासाठीच तो वाकडी वाट करून येतोय."

मी हो म्हणालो आणि फोन ठेवला.

त्या क्षणी मी ठरवलं नव्हतं. ती आली, कोथिंबीर निवडायला बसली, तेव्हाही जेवल्यावर सांगू असंच मनात होतं. मग तिने मास्तरला विचारायचा नवा प्रश्न सांगायला सुरुवात केली, "आम्हाला असं वाटतं की," आणि मी गप्प बसलो. शुक्रवारी सकाळी मी म्हणालो, "उद्या विंडसरला जाऊ या. खूप दिवसांत कुठे गेलो नाही."

तिला इतका आनंद झाला की मला ते बघवलं नाही. शनिवारी सकाळी नऊलाच निघालो. फोन वाजेल म्हणून मीच घाई केली. तिने बटाट्याच्या भाजीची सँडविचेस केली होती. नदीकाठी गवतावर बसून खाल्ली. हंस अगदी जवळ आले. ती म्हणाली, "किती दिवसांनी तू असा निवांत आहेस." मी घड्याळ बघत होतो. अकरा वाजले, बारा वाजले. तीन वाजून गेल्यावर मी म्हणालो, चल, निघू.

रविवारी ती डबा आणि वही घेऊन पिनरला गेली. तासाभरात परत आली. डबा टेबलावर ठेवला.

"गुरुवारी फोन आला होता?"

"अरे हो," मी म्हणालो. "विसरलो. ऑफिसचं इतकं डोक्यात होतं."

मी गोडाऊनमधल्या हजारो वस्तूंचे नंबर डोक्यात ठेवणारा माणूस. मी विसरत नाही हे तिला चांगलं माहीत होतं. त्या दिवशी तिने भाजी केली, कपडे वाळत घातले, माझ्या आईला फोन केला. पिनरला जाणं चालूच राहिलं. बदललं ते एवढंच की तिने मला शब्द सांगणं बंद केलं. जेवताना पाऊस, बिलं, भाजी. मी विचारायचो, "आज काय सापडलं?" "विशेष काही नाही," ती म्हणायची. जे ऐकताना माझा जीव जायचा ते आता मला हवं होतं, आणि ते सगळं त्या टेबलावरच राहत होतं.

असे तीन आठवडे काढले. मग एका रविवारी सकाळी, ती इस्त्री करत असताना, मी म्हणालो, "मी विसरलो नव्हतो."

"माहितीये."

"मला सहन होत नव्हतं."

तिने इस्त्री उभी केली. "काय सहन होत नव्हतं? मी काय केलं होतं?"

"काहीच नाही. तू खूश होतीस."

हे तोंडातून निघाल्यावरच मला कळलं की मी काय बोललोय. तिने इस्त्रीचं बटण बंद केलं. मग म्हणाली, "मला सांगून काय उपयोग. त्यांना जाऊन सांग. तुझ्यामुळे त्यांना त्या माणसासमोर मान खाली घालावी लागली. आणि मी येणार नाही तुझ्याबरोबर."

मी गेलो. गाडी न घेता ट्रेनने गेलो, ती जायची तसा. दोनच स्टेशनं, पण परत फिरायचं मनात दोनदा आलं. बाईंनी दार उघडलं, मी उंबऱ्यातच सगळं सांगितलं. इंग्रजीत मत्सराची कबुली द्यायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. शब्द फार थोडे आणि फार उघडे निघाले.

"आत ये," त्या म्हणाल्या.

टेबलावर कार्डं होती. त्यांनी चहा केला नाही. "तो एक वाजेपर्यंत दाराकडे बघत होता," त्या म्हणाल्या. "ती आजारी असेल असं मी त्याला सांगितलं. मला खोटं बोलावं लागलं." मग त्यांनी कपाटातून एक शाळेची वही काढली. मुलांच्या अक्षरात लिहिलेले शब्द होते, वस्तीतल्या म्हाताऱ्यांकडून गोळा केलेले.

"हे तिच्यासाठी ठेवून गेलाय."

मी हात पुढे केला. त्यांनी वही परत कपाटात ठेवली. "ती स्वतः नेईल."

त्यांनी तिला त्या वहीबद्दल तोवर सांगितलं नव्हतं. का, ते मी विचारलं नाही.

मी उठताना टेबलावरच्या कार्डांवर नजर गेली. प्रत्येकावर किपेआ शब्द, खाली पोर्तुगीज, इंग्रजी आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात मराठी. मला तिने हे कधी सांगितलं नव्हतं, मी विचारलंही नव्हतं. मी वाकून वाचू लागलो. एका कार्डावर लिहिलं होतं, 'भिणे, पण आदराने. आजोबांना भ्यायचो तसं.' दुसऱ्यावर, 'ओला, दवाने; पावसाने नव्हे.' इतकं जपून ती माझ्याशी कधी बोलली असेल तर मी ऐकलं नव्हतं.

"काय लिहिलंय तिने?" बाईंनी विचारलं. "मला ते वाचता येत नाही."

मी वाचून, जमेल तसं इंग्रजीत सांगितलं. एक कार्ड झालं की त्या दुसरं पुढे करायच्या. तासभर तसं चाललं. त्यांनी मला माफ केलं असं मी म्हणणार नाही. त्यांना फक्त ती काय लिहिते ते जाणून घ्यायचं होतं, आणि माझ्याशिवाय ते सांगणारं तिथे कोणी नव्हतं.

घरी आल्यावर हिने विचारलं, "सांगितलंस?"

"सांगितलं. तुझ्यासाठी एक वही ठेवलीये."

ती त्याच पावली निघाली. मी सोडू का म्हटलं तर नको म्हणाली.

२००७ मध्ये माझं प्रोजेक्ट संपलं आणि आम्ही पुण्याला परत आलो. तोपर्यंत तिला मास्तरशी थेट पत्रव्यवहार करण्याइतकं पोर्तुगीज येऊ लागलं होतं. निघायच्या आदल्या आठवड्यात बाईंनी खोकी तिकडच्या शाळेला पाठवायची ठरवली. खोकी बांधायला मला बोलावलं, कारण मला पॅकिंग चांगलं जमतं असं हिने सांगितलं होतं. मी दोन दिवस सुट्टी घेऊन ती बांधली. प्रत्येक खोक्यात कोपऱ्यांना पुठ्ठा घातला, वर प्लास्टिक, मग टेप. त्या दोघी शेजारच्या खोलीत शेवटची कार्डं लावत होत्या आणि पोर्तुगीजमध्ये काहीतरी बोलून हसत होत्या. मला एक अक्षर कळलं नाही. टेप कापताना मी दोनदा हात थांबवून ऐकलं आणि मला पहिल्यासारखंच वाईट वाटलं. मग पुढचं खोकं घेतलं.