गणपतरावांनी आक्कासाठी लिहिलेलं मानपत्र

कोल्हापुरात सत्कार न झालेला माणूस सापडणं अवघडच. कुणी चेअरमन झाला, कुणी निवृत्त झाला, कुणाच्या म्हशीनं बक्षीस मारलं, की फेटा, शाल, नारळ आणि मानपत्र ठरलेलं. आणि मानपत्र म्हटलं की रंकाळ्याजवळचे गणपतराव पोवार. हायस्कुलातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले, हात थरथरायला लागला तसे सुनेकडून कॉम्प्युटरवर टायपिंग शिकले, पण मानपत्राचा नाद काही सुटला नाही. ‘त्यागमूर्ती’, ‘कर्तृत्वाचा मेरुमणी’, ‘डोंगराएवढं कार्य’ हे शब्द कायम जिभेवर. एकाचा सदरा दुसऱ्याला चढवावा तसे ते कुणालाही चढवत.

त्या रविवारी मात्र प्रकरण घरचं होतं. त्यांची थोरली बहीण चिमणाबाई, म्हणजे सगळ्यांची आक्का, कागलजवळच्या गावात राहते. तिची पंच्याहत्तरी. तिनं उभ्या केलेल्या बायकांच्या दूध संस्थेनं सत्कार ठेवला आणि निरोप धाडला, मानपत्र भावानंच लिहायचं, भावानंच वाचायचं. आक्काच्या जिवावर गणपतराव शिकले, नोकरीला लागले. तिला तोंडावर चांगलं म्हणायची वेळ उभ्या आयुष्यात पहिल्यांदा आली होती. ती हुकली तर पुन्हा कुठली मिळतेय?

दुपारी गाडी न्यायला येणार होती. गणपतरावांनी सकाळी बसून दोन पानं झोकात लिहून काढली. आता फाइल सेव्ह करायची. एरवी ते काम सून क्रांती करायची, पण ती मंडईला गेलेली. त्यात काय मोठंसं, म्हणून ते स्वतःच सरसावले.

कोऱ्या कागदावर आधी देव, मग बाकीचं, ही त्यांची शाळेपासूनची सवय. फाइलला नाव द्यायची चौकट उघडली तेव्हाही त्यांनी आधी दोन उभ्या रेघा मारल्या, ‘श्री अंबाबाई प्रसन्न’ लिहिलं, पुन्हा दोन उभ्या रेघा, आणि पुढं आक्काचं नाव. कॉम्प्युटर म्हणाला, हे नाव चालत नाही.

“चालत न्हाई? अंबाबाईचं नाव कोल्हापुरात चालत न्हाई व्हय रं?”

पुन्हा केलं, पुन्हा तेच. गणपतरावांचा पारा चढला. त्यांनी ती चौकट मिटवली आणि वर कोपऱ्यातल्या फुलीवर क्लिक केलं. कॉम्प्युटरनं विचारलं, केलेले बदल सेव्ह करायचे का? “बदल कसले? एक अक्षर बदलायचं न्हाई. हाय तस्संच ऱ्हाऊ दे,” म्हणत त्यांनी ठासून ‘नाही’ दाबलं.

दोन्ही पानं गेली की!

क्रांती पिशव्या घेऊन आत आली तर सासरे कपाळाला हात लावून बसलेले. तिनं पिशव्या तिथंच टाकल्या आणि सगळी हकीकत ऐकून घेतली. सेव्ह न केलेल्या फाइली कधीकधी कॉम्प्युटर आपणहून ठेवतो, तिथं शोधलं. काही नव्हतं.

“मामा, देवाचं नाव चालतंय. ह्या उभ्या रेघा चालत न्हाईत. रेघ, प्रश्नचिन्ह, चांदणी, असली चिन्हं फाइलच्या नावात घालायची न्हाईत. कागदावर घाला की हवी तेवढी.”

“मग तसं सांगायला त्याची जीभ झडती काय?”

“आणि बदल म्हणजे तुम्ही लिवलेलं सगळं. त्यानं ते ठेवू का म्हणून विचारलं, तुम्ही नको म्हणालासा.”

क्रांतीनं कोरी फाइल उघडली, तिला नुसतं ‘आक्का’ नाव दिलं, आधीच सेव्ह करून टाकली आणि सांगितलं, चार ओळी झाल्या की बटण दाबत जा. मग तिनं सुचवलं, “आता येळ कुठाय? मागं एका चेअरमनांचं लिवलेलं मानपत्र हाय की आपल्यात. नाव तेवढं बदला.”

त्यांनी ते उघडून वाचलं. ‘त्यागमूर्ती’. हा चेअरमन स्वतःच्या सत्काराला तासभर उशिरा आला होता आणि जेवायला पहिल्या पंगतीत बसला होता. तोच शब्द आक्काला लावायचा? गणपतरावांना मनापासून लाज वाटली. त्यांनी ती फाइल मिटली आणि आठवेल तसं, साध्या बोलीत लिहायला घेतलं. आक्का पहाटे उठून धारा काढायची. आई गेल्यावर तिनंच त्यांना न्हाऊमाखू घातलं. आणि ‘मी शिकावं म्हणून आक्कानं चौथीतून शाळा सोडली.’ लिहिताना डोळे भरून आले, पण बटण दाबायला विसरले नाहीत. एकच पान झालं. क्रांतीनं प्रिंट काढून घरातल्याच एका फ्रेममध्ये घालून दिली.

मांडवात बायकाच बायका. गणपतरावांनी वाचायला सुरुवात केली तसा गलका थांबला. शाळेच्या वाक्याला तर कित्येकींनी पदर डोळ्यांना लावला. टाळ्या पडल्या. आक्का मात्र तशीच बसून होती. मग माइकबिइक न घेता खणखणीत आवाजात म्हणाली, “गणपा, थांब जरा. म्या शाळा सोडली न्हाय.”

मागच्या बायका ऐकायला पुढं सरकल्या.

“आपल्या बानं माझ्या खांद्यावरचं दप्तर काढलं आन् तुझ्या खांद्यावर घातलं. म्या दोन दिस जेवले न्हवते. गणितात पैली यायची मी. तुझ्यावर राग न्हाई रं, तू एवढासा. पर सोडली म्हणू नगंस. लिव्ह की झालं तसं.”

साठ वर्षं गणपतराव तीच गोष्ट कौतुकानं सांगत आले होते. सांगायला बरी वाटायची, म्हणून कधी आक्काला विचारलंच नव्हतं. “लिहितो आक्का,” एवढंच म्हणाले आणि फ्रेम काखेत मारून घरी घेऊन आले.

फाइल उघडली. शाळेचं वाक्य खोडलं आणि आक्का बोलली होती ते तिच्याच शब्दांत लिहिलं, गणितासकट. सेव्ह केलं.

दुसऱ्या दिवशी नवी प्रिंट फ्रेममध्ये घालून ते एस.टी.नं आक्काकडं गेले. तिनं चष्मा चढवला, ओळीवर बोट ठेवून सावकाश सगळं वाचलं, आणि फ्रेम भावाच्या हातात दिली.

“हां. आता ठोक भिताडाला.”