लिफ्टमध्ये वजन दाखवतंय

पिंपळे सौदागरच्या एका मोठ्या सोसायटीत मी नोकरीला आहे. तळमजल्यावरच्या ऑफिसात बसायचं आणि समोरच्या स्क्रीनवर अख्खी सोसायटी बघायची: इमारती, टाक्या, पंप, लिफ्ट, दोन मजली बेसमेंट. जागोजागी सेन्सर बसवलेत, त्यामुळे खरी टाकी भरली की स्क्रीनवरचीही भरते, लिफ्ट हलली की तिथलीही हलते. बिल्डरने हे मॉडेल करून दिलं आणि सिव्हिलचा डिप्लोमा केलेली मी ते सांभाळते.

मी जालन्याची. दापोडीत रेल्वेलाइनजवळच्या गल्लीत खोली घेऊन राहते. या नोकरीचं मला शेजारच्या ताईंनी सांगितलं. त्या याच सोसायटीत स्वयंपाकाची कामं करायच्या. मला ताप आला की त्यांच्याकडून मऊ भात यायचा. मी गप्प बसलेली दिसले की, "आईशी भांडलीस काय गं?" म्हणून विचारायच्या. त्यांनी जुनी स्कूटी घेतली होती, तिच्यावरून आम्ही दोघी कामाला यायचो.

त्या सकाळी धरणातून पाणी सोडल्याचा निरोप आला. नदी सोसायटीच्या मागूनच जाते. आम्ही लोकांना गाड्या वर काढायला सांगत होतो, तेवढ्यात मागची भिंत खचली. स्क्रीनवर खालचं बेसमेंट एका कोपऱ्यातून निळं व्हायला लागलं. जनरेटर तिथेच होता, तो गेला. पाण्यात करंट उतरू नये म्हणून सेक्रेटरींनी मेन स्विच पाडायला लावला. ते बरोबरच होतं. दोघेतिघे रॅम्पवरून पळत वर आले, आणि सगळे आले असं आम्ही धरून चाललो.

सेन्सर आणि माझा कॉम्प्युटर बॅटरीवर चालू होते. मी एकेक इमारत तपासत गेले. एका लिफ्टपाशी थांबले. वीज गेल्यावर ती खालच्या बेसमेंटच्या जरा वर, मध्येच अडकली होती.

"सर, लिफ्टमध्ये वजन दाखवतंय."

सेक्रेटरींनी वाकून पाहिलं. "सेन्सर भिजला असेल."

"एका माणसाचं वजन आहे, सर."

तेवढ्यात पाचव्या मजल्यावरच्या आजी जिना उतरून दारात आल्या. त्यांना धाप लागली होती. "आमच्या स्वयंपाकाच्या ताई खाली गाडी काढायला गेल्यात. अजून आल्या नाहीत."

ताईंना फोन लावला, तो लागेना. लिफ्टमधला इंटरकॉम मुका. फायर ब्रिगेडची गाडी नदीकाठच्या वस्तीत अडकली होती. इलेक्ट्रिशियन भाऊ बेसमेंटच्या जिन्याने उतरून बघून आला. त्याची पँट कमरेपर्यंत भिजली होती. "न्हाई जमायचं. खालचं दार कमरेएवढ्या पाण्यात हाय, उघडत न्हाई. आवाज दिला तर आतून ठोकतायत."

ठोकतायत, म्हणजे जिवंत होत्या.

लिफ्टचा मेकॅनिक चाकणला होता. तो फोनवर म्हणाला, "मॅडम, सगळ्यात वरच्या मजल्यावर, लिफ्टच्या दाराशेजारी कुलूपबंद पेटी आहे. आत ब्रेक सोडायचा दांडा आहे. दोराच्या दुसऱ्या टोकाचं वजन जड असतं, त्यामुळे ब्रेक सोडला की लिफ्ट आपोआप वर येते. पण हळूहळू सोडा. आणि आत भार कमी आहे तोवरच."

"जास्त झाला तर?"

"तर खाली जाईल."

भाऊ चावी घेऊन जिन्याने धावला. मलाही जायचं होतं. पण लिफ्ट तळमजल्याला कधी लागली हे त्याला वरून दिसणार नव्हतं, ते स्क्रीनवर बघून मलाच सांगायचं होतं. फोन कानाला लावून मी बसून राहिले. फोनमध्ये त्याचा दम आणि पायऱ्यांवरच्या चपला ऐकू येत होत्या.

स्क्रीनवर पाण्याची निळी रेघ लिफ्टच्या चौकटीला लागली. मग वजनाचा आकडा वाढायला लागला.

"बघ, सेन्सर बिघडलाय," सेक्रेटरी म्हणाले.

आत पाणी शिरत होतं. आकडा वाढेल तसं ताईंच्या पायांवरून, गुडघ्यांवरून काय चढतंय ते मला कळत होतं, आणि माझ्या हातात फक्त माउस होता. आजी माझी खुर्ची धरून काहीतरी पुटपुटत होत्या. मी फोनमध्ये ओरडत होते, "भाऊ, पोचलात का? भाऊ!"

"पोचलो. पेटी उघडली. सोडू का?"

"सोडा!"

चौकट हललीच नाही. मग ती कणभर वर सरकली, थांबली, पुन्हा सरकली.

"थोडं अजून, भाऊ. अजून. धरा! धरा आता!"

वॉचमन आणि सेक्रेटरींनी पहारीने तळमजल्याचं दार फाकवलं. आधी पाणी बाहेर आलं, मागून ताई. त्या उभ्या होत्या, साडी गुडघ्यांपर्यंत भिजलेली, हाताच्या मुठी ठोकून ठोकून सोललेल्या. मी मिठी मारली तर त्यांचं अंग लाकडासारखं ताठ होतं. रडल्याही नाहीत.

ताईंना दवाखान्यातून दोन दिवसांनी सोडलं. रात्री त्यांच्याजवळ बसले होते. त्यांनी विचारलं, "तुला दिसत होतं गं, मी आत आहे ते?"

"हो, ताई."

"मला वाटत होतं, कुणालाच म्हाईत न्हाई." त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

ताईंनी सोसायटीची कामं सोडली. आता त्या चाकणजवळच्या कुरुळीत भाचीकडे राहतात आणि तिथल्या कामगारांच्या खानावळीत पोळ्या लाटतात. दार लावलेल्या खोलीत त्यांना झोप येत नाही. सुट्टीला मी बसने जाते, त्या जेवायला वाढतात, बोलणं मात्र पूर्वीसारखं होत नाही.

सोसायटीत कुणी पाहुणे आले की सेक्रेटरी त्या दिवशीचं रेकॉर्डिंग लावायला सांगतात. निळी रेघ चढते, चौकट वर येते, पाहुणे कौतुक करतात. मी खिडकीकडे बघते. दुसरीकडे नोकरीसाठी अर्ज करून झालेत, अजून कुठून फोन आलेला नाही.