एका ओळीचं शुद्धिपत्रक

नवऱ्याला माझ्या झाडून सगळ्या भानगडी ठाऊक आहेत — कॉलेजातल्या, ऑफिसातल्या, सोसायटीतल्या. ही एक मात्र त्याच्याही कानावर गेलेली नाही. तुम्हाला सांगते. का, ते विचारू नका.

वाशीतलं ते सरकारी प्रसिद्धी कार्यालय म्हटलं की मला आधी तिथला चहा आठवतो. आल्याचा, कडक, काचेच्या ग्लासातला. कॉलेज अजून संपलं नव्हतं, इंटर्नशिपचे दोन महिने. कळंबोलीहून बसनं यायचे, आणि काय ऐट होती म्हणून सांगू! गळ्यात ओळखपत्र. बाबा शेजारीपाजारी सांगत फिरायचे, पोरगी सरकारात आहे. सरकारात कसली — मी बातम्या टाईप करायचे.

पण शिकले ती तिथेच, हं. आमचे अधिकारी सावंत सर लाल पेन घेऊन माझ्या अर्ध्या पानाच्या चार ओळी करायचे आणि म्हणायचे, आता वाच. कोण, काय, कुठे ते पहिल्या ओळीत. विशेषणं घरी ठेवून यायची. आणि चूक झाली तर दुसऱ्या दिवशी शुद्धिपत्रक काढायचं. एका ओळीचं काम, त्यात कसला कमीपणा? इतक्या मायेनं मला पुढे कुणीच काही शिकवलं नाही.

मी चऱ्हाट लावलंय, कळतंय मला. पुढचं सांगायला जीभ रेटत नाही, म्हणून.

सरांनी मला एकटीला यशोगाथा लिहायला पाठवलं. सरकारी योजनेतून कुणाचं भलं झालं की त्याची गोष्ट छापतात — तिला यशोगाथा म्हणतात. शिरवणे गावात भारतीताई आणि त्यांची थोरली जाऊ, दोघी बचत गटातून तांदळाच्या भाकऱ्यांचा धंदा करायच्या. भारतीताई बोलक्या. जाऊ अबोल, ती पाण्याच्या हातानं भाकऱ्या थापत होती आणि सुक्या जवळ्याबरोबर मला गरम गरम वाढत होती. तशी भाकरी मी परत खाल्ली नाही. भारतीताई दर दोन वाक्यांनी सांगत होत्या, हे सगळं हिचंच डोकं, मला हिनंच शिकवलं.

आणि मी काय केलं? — जावेला काढून टाकलं. यशोगाथेला एकच चेहरा शोभतो, असं मीच ठरवलं. सरांनी नाही, मी. मथळा दिला, ‘एकटीच्या जिद्दीची भाकरी’. फोटोतूनही तिला कापलं. कडेला तिचा बांगड्यांचा हात तेवढा राहिला. सरांना काय माहीत? त्यांनी लाल पेन न लावता मजकूर छपाईला पाठवला — पहिल्यांदाच. मी हवेत.

छापून आल्यावर भारतीताईंचा फोन आला. “माझे जावेचा नाव कुठं हाय? सगल्या गावाला वाटतंय, मीच तिला बाजूला काढली. ती बोलत नाय माझ्याशी.” मग हळूच म्हणाल्या, “एक ओळ टाक ना, पोरी.”

सर समोरच बसले होते. उठून सांगायला काय लागलं असतं? पण माझं प्रशस्तिपत्र त्याच दिवशी टाईप होत होतं, आणि त्यात माझ्या अचूकपणाचं कौतुक होतं. मी म्हणाले, “ताई, वरून कापलं. एकदा छापलं की काही करता येत नाही.”

त्यांना ते खरं वाटलं. बरं म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

त्याच यशोगाथेवर मला पहिली नोकरी लागली. मुलाखतीत एकानं विचारलंही, हा कडेचा हात कुणाचा? मी म्हणाले, मदतीला कुणी बाई होती. ऐकलंत? — कुणी बाई! तिच्या हातचं पोटभर जेवले होते मी.

मध्यंतरी रिक्षानं शिरवण्यातून गेले. तेच घर, पण ओटीवर मधोमध पत्रा ठोकलेला. दोन दारं, दोन पाट्या, भाकऱ्या दोन्हीकडे. चूल वेगळी झाली होती. मी रिक्षा थांबवली नाही.

आता मी नव्या मुलांना बातमी लिहायला शिकवते, सरांच्याच शब्दांत. शुद्धिपत्रक कसं काढायचं तेही शिकवते. माझं तेवढं राहिलं होतं. ते असं — शिरवण्यातल्या त्या भाकऱ्यांचा धंदा भारतीताईंच्या थोरल्या जावेनं सुरू केला. तिचं नाव सुगंधा.