पडल्यावर कुठे बघतो

खडकीच्या मैदानावर शिकलेलं माझं हॉकी शेवटी फरीदाबादच्या एका कारखान्यात कामी आलं. दिवसा स्टोअर्समधली नोकरी, संध्याकाळी कंपनीच्या टीमसाठी नवे खेळाडू पारखायचे. नवा गडी आधी कच्चा घ्यायचा, सीझनभर बघायचा, मग पक्का करायचा. एकदा पक्का झाला की खेळ सुटला तरी नोकरी सुटायची नाही. म्हणून पोरं जीव तोडून खेळत.

माझी परीक्षा एकच. पहिल्याच आठवड्यात मी स्वतः, पोट सुटलेला जुना फुलबॅक, नव्याला खांद्यानं आडवा करायचो. नियमात बसत नाही, ठाऊक आहे. पडल्यावर तो कुठे बघतो, ते मला हवं असायचं. शिट्टीकडे बघणारा जन्मभर तक्रारी करतो. धक्का देणाऱ्याकडे बघणारा भांडतो आणि मैदानाबाहेर जातो. चेंडूकडे बघणारा कामाचा.

सोनिपतकडचा एकोणीस वर्षांचा एकजण आला. नुसता बैल. मी धडक दिली, तो पडला, आणि पडल्यापडल्याच स्टिक लांब करून त्यानं चेंडू ओढून घेतला. मला हसूच आलं.

बाकी खेळाचा सगळा आनंदच होता. अंग कधी घालायचं ते कळायचं नाही. चेंडू निघून गेल्यावर हा पोचायचा आणि समोरच्याला पाडायचा. पण घाई काढता येते, भीती काढता येत नाही, आणि भीती त्याच्यात नव्हतीच. दिल्लीत कृत्रिम गवताचं टर्फ आलं होतं. तिथे आमच्यासारख्यांच्या मनगटाच्या कसरतींपेक्षा असा दमाचा गडीच टिकणार होता. सीझन संपेपर्यंत तो टॅकलआधी अर्धं पाऊल थांबायला शिकला. मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो.

"इस लड़के को पक्का कर दीजिए सर. दो साल में तैयार हो जाएगा."

"बैठिए," साहेब म्हणाले. कंपनीत परदेशी भागीदार आला होता, केबिनमध्ये नवा गालिचा आला होता, आणि हॉकीची टीम बंद होणार होती. पक्के होते ते मशीनवर जाणार, कच्चे घरी. "लड़के को आप ही बता दीजिए. आपकी बात मानता है."

"बिल्कुल," मी म्हणालो. एरवी मी कोथिंबिरीवरून भाजीवाल्याशी भांडतो. इथे काहीच झालं नाही. राग नाही, वाईटही वाटलं नाही. बुटाची माती गालिच्याला लागली का, तेवढं वाकून बघितलं.

मैदानाकडे चालत गेलो. रस्त्यापलीकडे नव्या फ्लॅट्सच्या जाहिरातीचे मोठे बोर्ड लागले होते. बायको म्हणत होती, एकदा बघून तरी येऊ. रविवारी जावं, असं ठरवत मी फाटकातून आत शिरलो.

तो एकटाच भिंतीवर चेंडू मारत होता. मी उभ्याउभ्या सगळं सांगून टाकलं. आवाज माझाच होता, पण नोटीस वाचल्यासारखा.

"मेरे खेल में कमी थी, सर?"

"नहीं. मैंने पास किया था."

त्याच्या स्टिकजवळचा चेंडू हळूहळू उताराला लागला आणि गवतात गेला. त्यानं तिकडे मानसुद्धा वळवली नाही. तो माझ्याकडे बघत होता.