आबांचं नाक आणि तिसरी खार

जगातली एकूण एक भांडणं वासावरून होतात, असं माझ्या चुलतसासऱ्यांचं, म्हणजे आबांचं, पक्कं मत आहे. बांधाची, भावकीची, नवराबायकोची, सगळी. तलाठी, वकील, फौजदार ही त्यांच्या लेखी उगाच मध्ये पडलेली माणसं. "मानूस भांडतो तोंडानं, पर मूळ नाकात असतंय," असं ते इतक्या थंडपणे सांगतात की ऐकणारा गुपचूप आपल्याच सदऱ्याचा वास घेऊन बघतो. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला डोंगरातल्या वाडीवर आबांनी जन्मभर मेंढरं राखली. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा, म्हणजे माझं लग्न झालं त्याच वर्षी, ते भोरला आमच्याकडे राहायला आले. सामान म्हणाल तर एक घोंगडी, एक काठी आणि ते नाक.

त्या नाकाने आमच्या नाकी नऊ आणले. मेथीची जुडी दोन्ही टोकांनी हुंगल्याशिवाय घ्यायची नाही, त्यामुळे बाजारातल्या भाजीवाल्या त्यांना लांबून बघूनच टोपलीवर फडकं टाकायच्या. एकदा नसरापूरहून येताना वडापच्या जीपमध्ये शेजारच्या अनोळखी माणसाला ते म्हणाले, "म्हस व्याली का पहाटं?" तो बिचारा उडालाच. खरंच व्याली होती. आमच्या शेजारच्या दोन भावांचं वाटणीवरून बोलणं बंद झालं, तर आबांनी त्यांना आठवडाभर एकमेकांचे सदरे घालायला सांगितले. सदरे काही कुणी घातले नाहीत, पण दोघं इतके हसले की आमच्या ओट्यावर बसून एकाच ताटलीतली भजी खाऊन गेले. आबांनी त्याचंही श्रेय नाकालाच दिलं.

असं नाक असलेल्या घरात माझ्या नवऱ्याने पुण्याहून शुगर ग्लायडरची जोडी आणून ठेवली. मुठीत मावेल एवढा जीव, मोठाले काळे डोळे, आणि पुढच्या पायापासून मागच्या पायापर्यंत कातडीचा पडदा. तो पसरून ही जनावरं कपाटावरून पडद्यावर तरंगत जातात. दिवसभर पिंजऱ्यातल्या कापडी बटव्यात झोपायचं आणि दिवेलागणीला उठून फळांवर ताव मारायचा. आबांनी हुंगून निकाल दिला, "उडती खार हाय. कळपातली हाय, येकटी ऱ्हायची न्हाई."

त्यांचं म्हणणं मला पुढे फार आठवलं. पुण्याच्या एका मैत्रिणीकडे अशाच दोन होत्या, त्यातली एक मेली आणि उरलेली खाईना. स्वतःच्याच शेपटीचे केस उपटायला लागली. डॉक्टर म्हणाले, हिला सोबत मिळाली तर वाचेल. मैत्रिणीने रडत रडत ती माझ्या ओटीत घातली. मीही मोठ्या तोंडाने "काळजी करू नकोस" म्हणून बसले. घरी आणून पिंजरा जोडीच्या पिंजऱ्याजवळ ठेवला मात्र, जोडीने बिघडलेल्या मिक्सरसारखी करकर सुरू केली. तिसरी बटव्यात तोंड घालून बसली ती बसलीच. सफरचंदाला तोंड लावेना की मधाला.

आबांना यात अवघड असं काही दिसेना. बाजारातून नवी मेंढी आणली की कळप तिला ढुशा देतो. मग मेंढका एकाच घोंगडीने सगळ्यांना पुसून काढतो, की आपलं कोण आणि परकं कोण हे कुणालाच कळत नाही. मी कॉलेजात तास घेत होते तेवढ्यात आबांनी ट्रंकेतून घोंगडी काढली आणि तिन्ही खारींना निगुतीने पुसलं. मी घरी येऊन बघते तर काय, तिसरी राहिली बाजूला, ज्या दोघांनी वर्षभर एका बटव्यात संसार केला होता तीच एकमेकांच्या उरावर बसलेली. ती घोंगडी हातात घेतली आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. डांबरगोळ्यांचा अख्खा पुडा होता तिच्या घडीत.

"आबा, हिला कसला वास येतोय?" मी विचारलं.

त्यांनी छातीभर हुंगून सांगितलं, "मेंढराचा. दुसरा कसला येनार?"

मागच्या तापात आबांचं नाक गेलं होतं आणि त्यांनी घरात कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. मध्यंतरी करपलेल्या दुधाची त्यांनी तारीफ का केली होती, ते आता कळलं. मी लगबगीने ओल्या फडक्याने खारी पुसल्या. ते माझ्या तोंडाकडे बघून उमजले असावेत. संध्याकाळी भाकरीला हात लावला नाही त्यांनी. "जनावर मारत हुतो म्या," एवढंच म्हणाले.

दोन दिवसांत जोडीचं जुळलं, पण तिसरी वाळत चालली होती. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, घाई नको, रोज बटव्यांची अदलाबदल करा, वास ओळखीचा होऊ द्या. "मंग मी काय येगळं सांगत हुतो?" आबा जरा ताठ बसले. मग हळूच म्हणाले, "सूनबाई, वास तू घ्यायचा. हात मी चालवतो." तेव्हापासून रोज सकाळी मी नाक आणि ते हात. हिचा बटवा तिकडे, त्यांचा हिच्याकडे.

असंच एकदा बटवे बदलणारी त्यांची बोटं बघून मला लग्नानंतरचे दिवस आठवले. मी या घरात आले तेव्हा सासूबाईंना भावाची मुलगी सून करायची होती. पाच महिने त्या माझ्याशी भिंतीकडे बघून बोलत. त्या दिवसांत माझी गोधडी रोज गायब व्हायची आणि सासूबाईंच्या अंथरुणात सापडायची, त्यांची माझ्याकडे यायची. मी समजायचे, म्हातारा वेंधळा आहे.

"आबा, त्या गोधड्या तुम्ही मुद्दाम बदलत होता?"

"मंग? आपसूक चालत जात हुत्या का?" त्यांनी मान वर केली नाही. "लई दिस लागले तुमा दोघींना. मेंढरं चार दिसांत आयकत्यात."

गोधड्यांनी झालं की दिवस गेल्याने झालं, मला माहीत नाही. पण त्या परक्या घरात माझ्यासाठी रोज एवढी खटपट करणारं एक माणूस होतं, हे मला पंधरा वर्षांनी कळलं. मी त्यांच्या पाया पडले. ते म्हणाले, "बटवा सांडंल."

अठराव्या दिवशी दिवेलागणीला आम्ही कोरड्या न्हाणीघरात टॉवेल अंथरून तिघांना एकत्र सोडलं. आबा पाटावर गुडघे लांब करून बसले. तिसरी भुईला चिकटली. जोडीतला नर आला, तिला हुंगून मागे सरला, पुन्हा आला आणि तिच्या मानेवर डोकं घासायला लागला. थोड्या वेळाने एकामागून एक तिघंही एकाच बटव्यात शिरली. शेवटी तिसरीची केस गेलेली शेपटी आत गेली.

आबांनी सवयीने बटवा नाकाशी नेला, तसाच खाली आणला आणि माझ्यापुढे धरला. "येकच येतोय का?"

"एकच येतोय, आबा."

"कळप येक झाल्याचा वास लई ग्वाड असतो," ते डोळे मिटून म्हणाले. "कसा येतोय, सांग की."

मी पुन्हा हुंगलं. इतकी वर्षं कॉलेजात मराठी शिकवते मी. आबा डोळे मिटून वाट बघत होते, आणि मला एक शब्द सापडेना.