कोवळा हात

मासळीच्या कारखान्यात मावशींची जरब अशी, की मुकादमसुद्धा त्यांच्या टेबलाजवळ आला की शीळ घालायचा थांबे. टेबल दुधी काचेचं, खालून दिवा लावलेलं. कापलेल्या माशाचा तुकडा त्यावर ठेवला की मांसात वेटोळं करून बसलेला बारीक किडा उजेडात दिसतो. तो चिमट्याने उपटून बादलीत टाकायचा. दिवसभर हेच, पण डोळ्यांत तेल घालून. मावशींच्या चिमट्यातून सुटला तो किडा नशीब काढून आला, असं पोरी म्हणायच्या.

जिभेलाही धार तशीच. एखाद्या नव्या मुलीच्या मनगटावर लाल गांधी उठल्या की मावशींचा निकाल ठरलेला, "हात कोवळा आहे गं तुझा. तुझं इथं काही खरं नाही." कारखान्यात सगळ्यांचाच हा समज. खाज सुटली म्हणजे हात कोवळा; मुरलेल्या हाताला काही होत नाही. कोवळ्या हाताला मुकादम टेबलावरून उठवून बर्फ फोडायला धाडी. मग हात दाखवून अवलक्षण कोण करून घेणार? सगळ्या जणी बाह्या पार मनगटापर्यंत ओढून बसत.

आणि एके दिवशी खुद्द मावशींच्याच हाताला खाज सुटली. एवढी वर्षं बिनमोज्याने राबलेला हात तो! मावशींनी आधी साबणाला शिव्या घातल्या, मग कपड्यांच्या पावडरीला. सुनेने साबण बदलला, पावडर बदलली. सासू बदलता येत नाही, म्हणून ती तेवढी राहिली. सूनही त्याच टेबलावर शेजारी बसायची. मावशींनीच तिला चिकटवलं होतं.

माशाच्या पोटाकडची पट्टी गिऱ्हाईक घेत नाही, कारण किडे तिथेच जास्त. ती बाया घरी न्यायच्या, अशी पहिल्यापासूनची रीत. खळखळून उकळली की झालं. मेलेला किडा काय करणार? एका संध्याकाळी मावशींनी त्यातले दोन घास खाल्ले आणि ओठ सुजले, छाती आवळली, आवाज फुटेना. मुलाने उचलून दवाखान्यात नेलं म्हणून निभावलं.

रक्त तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मावशी, तुम्हाला मासा बाधत नाही. त्यातला किडा बाधतो."

"शिजवून मेलेला होता हो तो."

"मेला, म्हणजे पोटात जाऊन चावणार नाही. पण तुमच्या अंगाने त्याच्याशी वैर धरलंय, आणि त्याच्या अंगातल्या ज्या अंशाशी वैर धरलंय तो शिजवून जात नाही, बर्फात ठेवूनही जात नाही. इतकी वर्षं हाताने हाताळला, वाफेतून नाकात गेला, वर खाल्ला. पुढच्या वेळी जिवावर बेतेल. टेबल सोडा." मग लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "तिथे आणखी कुणाला होतं असं?"

"छे. कुणालाच नाही," मावशी म्हणाल्या. त्यांना ते खरंच वाटत होतं; पोरींचं ते कोवळ्या हाताचं, हे वेगळं.

मासा त्यांनी सोडला; घरी एवढंच सांगितलं, की मासा बाधला. टेबल मात्र सुटेना. मावशींना भीती वाटत होती, ती पोरींच्या हसण्याची. ज्या तोंडाने दुसऱ्यांना कोवळ्या म्हटलं त्याच तोंडाने आता काय सांगायचं? त्यांनीही बाह्या खाली ओढल्या आणि झाकली मूठ घेऊन कामावर जाऊ लागल्या.

एका रविवारी सून भांडी घासत होती. बाह्या कोपरापर्यंत भिजून चिंब, तरी वर करेना.

"अगं, बाह्या सार की वर. ध्यान कुठंय तुझं?"

"राहू द्या, आई."

मावशींनी तिचा हात धरून बाही स्वतःच सरकवली. मनगटापासून कोपरापर्यंत गांधीच गांधी, काही खाजवून फुटलेल्या.

"कधीपासून?"

"कामाला लागले तेव्हापासूनच." सून नळाकडे बघत म्हणाली. "परवा जेवताना घसा पण आवळल्यासारखा झाला. बोलले नाही. तुम्ही म्हणाल, हात कोवळा."

त्या दुपारी मावशींना जेवण गेलं नाही. पोरगी आपल्या मांडीला मांडी लावून बसत होती आणि आपल्याच धाकाने मरायला टेकली होती, हे त्यांच्या मनातून जाईना.

सोमवारी टेबलाखालचे दिवे लागले तसा मावशींनी चिमटा खाली ठेवला. उभं राहून दोन्ही बाह्या खांद्यापर्यंत वर केल्या आणि हात काचेवर ठेवले. खालच्या उजेडात एकेक गांध दिसत होती.

"बघा गं," त्या म्हणाल्या. "कोवळा हात माझा आहे. तुम्हाला बोलले ते चुकलं माझं. या किड्याने माझा जीव जात होता. जिला खाज असेल तिने आज दवाखान्यात यायचं."

कुणी हसलं नाही. कोपऱ्यातल्या एकीने बाही वर केली, मग तिच्या शेजारणीने, मग समोरच्या रांगेत. मुकादम बघत राहिला.

"अहो मावशी," तो हळूच म्हणाला, "मग टेबलावर बसवू कुणाला?"

मावशींनी सुनेचा हात धरला आणि दोघी दाराबाहेर पडल्या. मागे स्टुलं सरकल्याचे आवाज येऊ लागले. मावशींनी वळून पाहिलं नाही, फक्त चाल जरा हळू केली.