गाडीचा जामीन

आमच्या घरात ड्रायव्हिंग लायसन्स एकच आहे आणि ते बायकोचं आहे. मी इथल्या, म्हणजे ओमानच्या, परीक्षेत पिंपांच्या मधून गाडी उलटी घेण्याच्या पायरीवर इतक्या वेळा गारद झालो, की पुढेपुढे परीक्षक मला लांबून बघूनच हसायचे. ती मात्र पास झाली आणि तिला सीबमधल्या एका शाळेत गणित शिकवायची नोकरीही मिळाली. दिवाळीच्या सुट्टीनंतर रुजू व्हायचं होतं. आम्ही राहतो अझैब्यात. शाळेची बस आमच्या बाजूला येत नाही, आणि मी स्वतः कंपनीच्या व्हॅनमधून ये-जा करणारा माणूस. याआधी एक नोकरी तिने निव्वळ जायची सोय नाही म्हणून सोडली होती. दुसरी तशी जाऊ द्यायची नाही, हे तिने बोलून दाखवलं नाही. पण घरात सगळ्यांना कळलं होतं.

गाडी आपणहून चालत आली. सोहारला माझा एक मित्र होता, एका लहानशा वर्कशॉपमध्ये इंजिनियर. वर्कशॉपचा म्हातारा ओमानी मालक धंदा आवरत होता आणि त्याने कंपनीची एक जुनी गाडी मित्राला अशीच देऊन टाकली होती. मित्र स्वतःच कायमचा पुण्याला परत निघालेला. तो म्हणाला, "वहिनींना होईल. उद्या या, अर्बाब शिक्का घेऊन बसलाय. मुल्किया थेट त्यांच्या नावावर करून टाकू." अर्बाब म्हणजे मालक, आणि मुल्किया म्हणजे गाडीच्या मालकीचं कार्ड. ते आपल्या नावाचं नसेल तर गाडी आपली नाही, इतकं ते सरळ आहे.

पण 'उद्या' पितृपक्षात येत होता. मी आईला फोन लावला. लावायला नको होता, कारण उत्तर मला ठाऊकच होतं.

"पितृपक्षात गाडी? अरे, खुळा की काय तू? दसरा तोंडावर आलाय. तेव्हा कर."

"अहो, शिक्का मारायलासुद्धा मुहूर्त लागतो का?" बायको म्हणाली.

"आईचं मन कशाला मोडायचं?" मी म्हणालो. आईच्या मनापेक्षा माझंच मन जास्त कचरत होतं, पण आई लांब असल्याचा हा एक फायदा असतो.

मग मधला मार्ग काढला. असे मार्ग मीच काढतो. गाडी आणि चावी आत्ता घ्यायची, नाव बदलणं दसऱ्याला. मित्र गाडी आमच्या दारात लावून विमानात बसला. दसऱ्याला मी गाडी धुतली, झेंडूचा हार घातला, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकांखाली लिंबं ठेवली. बायकोने ती बिनचूक चिरडली. गाडी अजून नावावर नव्हती, म्हणून मग आम्ही बसने सोहारला गेलो. वर्कशॉपचं शटर बंद होतं. कंपनीची नोंद रद्द झाली होती आणि अर्बाब उपचारांसाठी परदेशी मुलाकडे गेला होता. त्याचा शिक्का आता सापडला असता तरी नुसतं रबरच. आणि तोवर मुल्कियाची मुदतही संपली.

वाहतूक खात्याच्या खिडकीवरचा अधिकारी सभ्य होता. गाडी तुमची आहे याचा काही पुरावा, असं त्याने विचारलं. माझ्याकडे पुरावा एकच होता. मी मोबाइलवर हार घातलेल्या गाडीचा फोटो दाखवला. त्याने तो मोठा करून बघितला.

"शादी?" त्याने विचारलं.

बायको मला बाजूला सारून पुढे झाली. तिला त्याने रस्ता सांगितला. कुणीतरी ओमानी माणूस जामीन राहायला हवा. उद्या खरा मालक म्हणून कोणी उभा राहिला, तर गाडी नाहीतर तिची किंमत भरून द्यायला मी बांधील आहे, असं त्याने ठरावीक मुदतीसाठी लिहून द्यायचं. मग मुल्किया मिळेल.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "आपल्यासाठी असं कोण लिहून देणार?" मला एकच माणूस माहीत होता. आमचा घरमालक. तो वरच्या मजल्यावर राहतो आणि आमची त्याची ओळख मुख्यतः गळक्या एसीवरून. तरुणपणी मुंबईला जाऊन-येऊन त्याची हिंदी चांगली झालेली. त्याने कहवा दिला, खजूर पुढे सरकवले, सगळं ऐकून घेतलं.

"तुम देरी क्यों किया?"

मी माझ्या हिंदीत पितृपक्ष समजावला. "बाबा, जो लोग गुजर गया, वो इस टाइम खाना खाने आता है. तब हम लोग नया चीज नहीं लेता."

तो विचारात पडला. "गाडी नया है?"

"नहीं, नहीं. बहुत पुराना."

"फिर?"

धर्मशास्त्रातली ही फट आई, मी आणि मित्र, तिघांपैकी कुणालाच दिसली नव्हती. बायको भिंतीकडे बघत होती, पण तिचे खांदे हलत होते.

मग त्याने सोहारला एका चुलतभावाला फोन लावला. तब्येत, मुलं, मुलांची मुलं, पाऊस, खजुराची बाग, पुन्हा तब्येत, असं सगळं झालं. कहव्याचा माझा दुसरा कप थंड झाला. कामाचं बोलणं शेवटी दोन वाक्यांत उरकलं. फोन ठेवून तो म्हणाला, "वो बुढ्ढा सबको बोला है, गाडी अपने हिंदी इंजिनियर को दिया. बात सच्चा है." हिंदी म्हणजे इथल्या बोलीत भारतीय. आणि माझ्याऐवजी बायकोकडे वळून, "मैडम, लेकिन नाम मेरा लगेगा. पहले मैं देखेगा, तुम कैसा चलाता है."

बिल्डिंगमागे मोकळं मैदान आहे. तो तिच्या शेजारी बसला, मी मागे. तिने एक फेरी मारली आणि गाडी उलटी घेत दोन पाण्याच्या टाक्यांच्या मधे नेऊन उभी केली. मी डोळे मिटून घेतले होते. "खलास," तो म्हणाला, "कल साइन करेगा. यल्ला, घर चलो."

त्याने सही केली. ती दिवाळीनंतर रुजू झाली. हमीची मुदत संपेपर्यंत गाडी विकता येत नाही, आणि तोवर घरमालक जिन्यात भेटला की विचारतो, "कोई आया?" मी म्हणतो, "नहीं." तो म्हणतो, "इन्शाल्ला, नहीं आएगा." तो हसून विचारतो, पण विचारल्याशिवाय राहत नाही.

गेल्या आठवड्यात मात्र एकजण आला. सकाळी खाली उतरतो तर एक अनोळखी ओमानी गाडीभोवती फिरत होता. वाकून नंबरप्लेट बघितली, काचेतून आत बघितलं. माझे पाय जिन्यातच थांबले. बायको माझ्या बाजूने पुढे गेली, वह्यांची पिशवी खांद्यावर.

"ये गाडी तुम्हारा है?" त्याने विचारलं.

"हां. मेरा है."

"बेचेगा?"

"नहीं," ती म्हणाली आणि आत बसली. "अहो, सरका तिकडे, उशीर होतोय." चावी लावायला तिला नेहमीपेक्षा थोडा वेळ लागला. मग गाडी सुरू झाली आणि ती सीबच्या दिशेने गेली.